नऊ दिवस, आठ ठिकाणं आणि मागच्या सीटवर सासू-सासरे

पत्र:

ताई, आम्ही फ्रीमाँटला राहतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुलांना स्प्रिंग ब्रेक आहे आणि सासू-सासरे पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. नवऱ्याने एक्सेल शीट बनवलंय, मिनीव्हॅन भाड्याने घेऊन नऊ दिवसांत डेथ व्हॅली, व्हेगास, झायन, ब्राइस, पेज, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यन आणि येताना जोशुआ ट्री. सासरे ७४ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, डायबेटिस आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, बाहेरचं खात नाहीत, आणि त्यांचं म्हणणं की वाळवंटात बघायचं काय, नुसती माती. मुलगा १३ वर्षांचा, त्याला यायचंच नाहीये. मुलगी चौथीत, ती एकटीच खुश आहे. मी म्हटलं यावेळी राहू दे, मॉन्टेरेला जाऊन येऊ, तर नवरा दोन दिवस बोलत नाहीये. आईबाबा परत कधी येतील माहीत नाही असं त्याचं म्हणणं. मी मोडता घालतेय का?

उत्तर:

अगं मोडता कसला, त्या शीटमधला आकडा न आकडा तुझ्याच अंगावर पडणार आहे हे तुला दिसतंय आणि त्याला दिसत नाहीये, एवढंच. पण एक सांगते, रागावू नकोस, ट्रिप रद्द करायच्या मी विरोधात आहे. नवऱ्याचं आईबाबांबद्दलचं म्हणणं खरंच आहे. ७४ व्या वर्षी माणूस परत सोळा-अठरा तास विमानात बसून येईल का हे कोणी सांगावं. आणि मॉन्टेरे काय, ते कुठल्याही शनिवारी होतं.

फक्त आठातली पाच ठिकाणं काढून टाका. झायन, ब्राइस, पेज, मॉन्युमेंट व्हॅली, जोशुआ ट्री, सगळी बाद. हो, मला माहितीये पेजचा तो घोड्याच्या नालेसारखा वळलेला नदीचा फोटो सगळ्यांच्या स्टेटसला असतो. असू दे. तुझ्या नवऱ्याने ड्रायव्हिंगचे तास मोजलेत, पण सहा माणसं गाडीतून उतरायला, बाथरूमला जाऊन यायला, परत चढायला आणि "माझा चष्मा हॉटेलवर राहिला" म्हणायला लागणारा वेळ त्या शीटमधे कुठेच नसणार, पैजेवर सांगते. शिवाय पेज आणि मॉन्युमेंट व्हॅलीकडे घड्याळाचा पण घोळ आहे. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, त्यामुळे एप्रिलमधे तिथली वेळ तुमच्या कॅलिफोर्नियाइतकीच असते, पण मॉन्युमेंट व्हॅली नावाहो लोकांच्या हद्दीत येते आणि ते घड्याळ पुढे करतात, युटावाले पण करतात, म्हणजे पेजला उभं राहून फोन कधी एक तास इकडे कधी तिकडे उडी मारतो आणि बुक केलेली टूर हातची जाते. ती बाजू पुढच्या वेळी तुम्ही चौघं करा.

आता राहिलं ते असं. शनिवारी निघा, बेकर्सफील्ड, टेहाचपी करत रिजक्रेस्टला मुक्काम, साधारण सहा तास. रविवार-सोमवार डेथ व्हॅली. मंगळवारी व्हेगास, अडीच तास फक्त. बुधवारी हूवर डॅम बघत विल्यम्स, हे ग्रँड कॅन्यनच्या दक्षिणेला तासाभरावरचं छोटं गाव. गुरुवार अख्खा कॅन्यनला. शुक्रवारी आय-४० हायवेने बार्स्टो, शनिवारी घर, आणि रविवार कपडे धुवायला. कुठल्याही दिवशी सहा-साडेसहा तासांच्या वर ड्राइव्ह नाही आणि दोन ठिकाणी दोन-दोन रात्री सलग, म्हणजे रोज सकाळी बॅगा भरायची कटकट नाही. नवऱ्याला सांग, शीट तुझंच ठेव, फक्त ओळी कमी कर.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते आणि ते उन्हाबद्दल नाहीये. एप्रिलच्या सुरुवातीला डेथ व्हॅलीत दुपारी तीस-बत्तीस डिग्री असतं, पुण्याच्या एप्रिलपेक्षा कमीच, तुझे सासरे म्हणतील हे काय वाळवंट. (१९१३ मधे ५६.७ नोंदलं होतं ते जुलैमधलं, फर्नेस क्रीकला, ते त्यांना सांगितलंस तर जरा आदर वाटेल.) खरी भानगड अशी की आपले म्हातारे लोक प्रवासात पाणीच पीत नाहीत. मुद्दाम. कारण बाथरूमला जावं लागेल, गाडी थांबवायला सांगायला लागेल, सुनेला त्रास होईल, मुलगा चिडेल, म्हणून सकाळी अर्धा कप चहा घेऊन संध्याकाळपर्यंत तोंड कोरडं ठेवून बसतात आणि विचारलं तर "मला तहानच नाही". पुण्यात ते खपून जातं. इथे हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही, अंगावर यायच्या आत उडून जातो, ओठ फुटतात, नाकातून जरासं रक्त येतं, आणि डायबेटिसवाल्या माणसाला चक्कर आली की ती शुगर खाली गेल्यामुळे, वर गेल्यामुळे की पाणी कमी पडल्यामुळे हे तिथे रस्त्याच्या कडेला कळायला मार्ग नाही.

म्हणून कोणी सांगायची वाट न बघता दर दीड तासाने गाडी थांबेलच असं आधीच जाहीर करून टाका, आणि ते तू नाही, तुझ्या नवऱ्याने सांगायचं. "बाबा, मलाच पाय मोकळे करायचेत" म्हणायचं. बघ मग आपोआप पाणी पितात. माणशी दिवसाला चार लिटर पाणी गाडीत पाहिजे, हे पार्कवालेच सांगतात. आणि सासूबाईंना जे विचारायला संकोच वाटणारे ते मी सांगते, बॅडवॉटर वगैरे ठिकाणी टॉयलेट आहेत पण ते कोरडे, खाली खड्डावाले, नळ नाही, फ्लश नाही. त्यामुळे पाण्याची एक वेगळी बाटली, टिश्यू, हात धुवायचं सॅनिटायझर अशी एक पिशवी दारापाशीच लटकवून ठेव. हे एवढं सुटलं ना की अर्धी ट्रिप सुटली.

सासऱ्यांच्या गोळ्यांचं निघायच्या आधी पुण्याच्या डॉक्टरांशी व्हिडिओ कॉलवर बोलून घ्या, विशेषतः बीपीची लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल तर, कारण ती आणि वाळवंट यांचं जमत नाही, आणि ती परस्पर बंद पण करायची नसते. इन्सुलिन घेत असतील तर ते डॅशबोर्डच्या कप्प्यात नाही आणि थेट बर्फावरही नाही, कापडात गुंडाळून कूलरमधे. ग्लुकोज किंवा साखरेच्या गोळ्या पुढच्या सीटपाशी, डिकीत नकोत. जेवायची वेळ चुकवायची नाही, नवरा "अजून चाळीस मैलांवर छान जागा आहे" म्हणाला तरी नाही. डेथ व्हॅलीत दवाखाना नाहीये, जवळचं हॉस्पिटल पाहरम्पला, फर्नेस क्रीकपासून गाडीने तासभर तरी. व्हिजिटर इन्शुरन्स काढलाच असशील, त्यात आधीपासूनच्या आजारांचं काय लिहिलंय ते आत्ता वाच, तिथे जाऊन नाही.

डेथ व्हॅलीचा दिवस कसा घालवायचा? पुणेकर आहेत ना, मग प्रश्नच नाही, दुपारी एक ते चार दुकान बंद. वाळवंटाला हेच टाइमटेबल लागतं. उन्हात सगळं पांढरं फटक दिसतं, सासूबाई म्हणतात तशी नुसती माती, आणि तीच माती सकाळी साडेसहाला झॅब्रिस्की पॉइंटवर आधी राखाडी, मग हळदीसारखी, मग गुलाबी होत जाते. त्या पॉइंटला पार्किंगपासून थोडा चढ आहे, रस्ता पक्का आहे पण गुडघ्यांना जाणवेल. झेपत नसेल तर डान्टेज व्ह्यूला न्या, साडेपाच हजार फुटांवर गाडी थेट कड्यापाशी जाते, दार उघडलं की खाली अख्खी व्हॅली. वर वारा आणि गारठा असतो, सासूबाईंची शाल खाली हॉटेलवर ठेवून जाऊ नका. आर्टिस्ट्स ड्राइव्ह तर गाडीत बसूनच बघायचा, एकेरी नऊ मैलांचा रस्ता, डोंगराला हिरवे, जांभळे, गुलाबी पट्टे.

आणि दोन फोल्डिंग खुर्च्या घ्या. साधारण वीस डॉलरला एक मिळते. अख्ख्या सामानात याच्याइतकी कामाची वस्तू नाही. संध्याकाळी मेस्कीट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्यांवर मुलं घसरगुंडी करत हुंदडतील, नवरा फोटो काढेल, आणि आजी-आजोबा कडेला खुर्चीत बसून थर्मासमधला चहा पितील. नाहीतर होतं काय, ते गाडीत एसी लावून बसतात, तू त्यांच्यासोबत बसतेस, आणि वाळवंट बाकीच्यांनी बघितलेलं असतं.

बॅडवॉटरला मात्र सगळे उतरा, पार्किंगपासून रॅम्प आणि लाकडी फळ्यांचा रस्ता आहे. समुद्रसपाटीपेक्षा २८२ फूट खाली, उत्तर अमेरिकेत याहून खोल जमीन नाही, आणि मागे वळून कड्यावर बघितलं की डोक्याच्या खूप वर एक छोटी पाटी, समुद्राची पातळी इथे म्हणून. खाली पांढरं आहे ते बहुतेक सगळं आपलं खायचं मीठच. उरण-पेणकडची मिठागरं बघितलेल्या माणसाला हे पटकन भिडतं, वर समुद्र कुठेच नाही म्हटल्यावर तर जास्तच. फर्नेस क्रीकजवळ हार्मनी बोरॅक्स वर्क्सचे अवशेष आहेत, १८८० च्या दशकात तिथून बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, भरून वीस जनावरांच्या गाड्या १६५ मैलांवरच्या मोहावी स्टेशनला जायच्या, दहा-दहा दिवस. तुझे सासरे कॅरम खेळले असतील तर त्यांना सांग की बोर्डावर टाकतो ती बोरिक पावडर याच्यातूनच बनते. गाडी सुरू झाल्यावर पुढचा तास ते स्वतःच बोलतील.

त्यांच्यासाठी खरी मेजवानी मात्र हूवर डॅम. पाटबंधारे खात्यातला माणूस तिथे नेऊन तुम्ही डेथ व्हॅलीचे फोटो दाखवत बसू नका. २२१ मीटर उंच, आपल्या कोयनेच्या दुपटीहून जास्त, १९३५ मधे बांधून झालेला. धरणाच्या माथ्यावर चालता येतं. तुझ्या मुलाला आजोबांच्या बरोबर सोड आणि तू बाजूला हो. तेरा वर्षांच्या मुलाला आईने समजावलेलं काहीच आवडत नसतं पण आजोबांनी गेट आणि टर्बाइनचं काय काय सांगितलं तर कान देतो, वरवर नाही दाखवत.

या मुलाला एक जबाबदारी पण द्या. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीक, स्टोव्हपाइप वेल्स सोडलं तर नेटवर्क जवळपास नाहीच. घरूनच ऑफलाइन मॅप उतरवून ठेवायचे आणि पार्कच्या ऑफिसमधून कागदी नकाशा घ्यायचा, आणि मॅप त्याच्या हातात. हे नुसतं त्याला गुंतवायला म्हणून सांगत नाहीये. १९९६ च्या जुलैमधे एक जर्मन कुटुंब, दोन मोठे दोन मुलं, मिनीव्हॅन घेऊन तिथल्या कच्च्या वाटेला लागलं, नकाशावर रस्ता दिसत होता म्हणून. गाडी तीन महिन्यांनी सापडली, मोठ्या दोघांचे अवशेष थेट २००९ मधे. नवऱ्याला एवढंच सांगून ठेव की डांबरी रस्ता सोडायचा नाही, फोन जवळचा रस्ता दाखवत असला तरी. पेट्रोल रिजक्रेस्टला फुल्ल करा, आत मिळतं पण चांगलंच महाग. आणि व्हॅन भाड्याची असेल तर कच्च्या रस्त्यावर नेली की कंपनी हात वर करते, कागदपत्रांत बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं.

वसंतात वारा सुटतो. धुळीचं वादळ आलं तर ॲरिझोनावाल्यांचा नियम पाळायचा, रस्त्यावरून पूर्ण बाजूला घ्यायची, सगळे दिवे बंद, ब्रेकवरचा पाय काढायचा, पट्टे लावलेले ठेवायचे. दिवे बंद का, तर मागून येणारा तुमचे लाल दिवे बघून हाच रस्ता समजून येऊन आदळतो.

मुलीसाठी वेगळं काही करायला नको, तिला ज्युनिअर रेंजरचं पुस्तक द्या, दोन्ही पार्कांत मिळतं, भरून दिलं की रेंजर शपथ देऊन बॅज लावतो. आणि ती चौथीत आहे ना? मग तिच्या नावाने नॅशनल पार्कचा फुकट पास काढा, चौथीतल्या मुलांसाठीच असतो, गाडीतल्या सगळ्यांना त्याच्यावर प्रवेश. फक्त परदेशी पाहुण्यांसाठी २०२६ पासून फीचे नियम बदललेत, ग्रँड कॅन्यनला आईबाबांचं काय होईल ते पार्कच्या साइटवर आधी बघून घ्या.

ग्रँड कॅन्यनबद्दल एकच, स्वेटर. लोक वाळवंटाच्या कपड्यात जातात आणि साउथ रिम, म्हणजे दरीची दक्षिणेकडची कडा, आहे सात हजार फुटांवर, एप्रिलमधे रात्री पारा शून्याच्या खाली जातो, बर्फ पडलं तरी नवल नाही. सासऱ्यांची कानटोपी घ्याच. डेझर्ट व्ह्यूकडे जाणारा रस्ता स्वतःच्या गाडीने करता येतो आणि बहुतेक पॉइंट पार्किंगला लागूनच आहेत, गुडघ्यांचा प्रश्न नाही. तिथे सासूबाईंना दरीतले सुळके दाखवा, विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल अशीच नावं आहेत त्यांची नकाशावर. डटन नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ होता, त्याने १८८० च्या दशकात ही पद्धत पाडली, आणि तळाशी जो सगळ्यात जुना काळा खडक दिसतो, साधारण पावणेदोन अब्ज वर्षांचा, त्याचंही नाव विष्णू. नुसती माती म्हणणाऱ्या बाई तिथे हात जोडतात की नाही बघ. विल्यम्सहून कॅन्यनपर्यंत जुनी रेल्वे पण जाते, छान आहे, पण सहा तिकिटांचे पैसे आणि संध्याकाळच्या उन्हाच्या आत परत फिरावं लागतं, मी असते तर गाडीनेच गेले असते.

खाण्याचं. इथे मी जरा स्पष्ट बोलणार आहे. सासूबाई बाहेरचं खात नाहीत ही अडचण सहा जणांची आहे, तुझ्या एकटीची नाही. हॉटेलच्या खोलीत इंडक्शन लावून वरण-भात करत बसू नकोस, बऱ्याच ठिकाणी चालत नाही, आणि फोडणीने स्मोक अलार्म वाजला की पायजम्यात सगळं हॉटेल बाहेर. निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनाच म्हण, आई, तुमच्या दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या करूया का प्रवासाला. त्यांना हवं ते होईल आणि तुझ्यावरचं निम्मं ओझं जाईल. दशम्या दोन दिवस जातात, मग मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, भाजक्या पोह्यांचा चिवडा, दही कुठल्याही दुकानात. मेतकूट घे, व्हेगासला किचनवाली खोली बुक कर आणि तिथे एकदा मऊ भात होऊ दे, तो तुझ्या नवऱ्याने लावायचा, इन्स्टंट पॉटचं बटण त्यालाही दाबता येतं. व्हेगासला देशी हॉटेलं, किराणा सगळं आहे, आय-४० वर पंजाबी ट्रकवाल्यांचे ढाबे आहेत. मधे एकादशी येते का ते बघून घे, साबुदाणा व्हेगास सोडलं तर वाटेत सापडायचा नाही. आणि पुण्याहून आणलेली प्रवासाची केटल बॅगेत टाकत असतील तर हळूच काढ, ती २३० व्होल्टची, इथल्या करंटवर पाणी कोमट होईपर्यंत माणूस निवतो.

कालनिर्णय मात्र बघाच. डेथ व्हॅलीच्या दोन रात्री अमावास्येच्या आसपास आल्या तर आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते, त्या पार्कला अंधारासाठीच मान्यता मिळालेली आहे. चैत्री पौर्णिमेला आल्या तर तारे विसरा, पण वाळूवर टॉर्चशिवाय फिरता येतं, त्यातही मजा आहे.

आता नवऱ्याशी कसं बोलायचं. "नको" असं म्हणून सुरुवात करू नकोस, ते एकदा झालंय. मुलं झोपल्यावर शीट त्याच्याकडूनच उघडून घे आणि फक्त विचार, या चौथ्या दिवशी बाबा दुपारी जेवणार कुठे आणि झोपणार कुठे. स्वतःच दोन ओळी खोडेल. उरलेल्या तू खोड. आणि बुकिंगला वेळ लावू नका, पार्कच्या आत मोजकीच हॉटेलं आहेत आणि स्प्रिंग ब्रेकला ती आधीच भरतात, आतमधे नाही मिळालं तर पार्कबाहेरच्या बीटी किंवा पाहरम्प गावात बघा. खोल्या तळमजल्याच्या आणि शेजारी-शेजारी मागा, पण फोन करून मागा, ऑनलाइन फॉर्मच्या त्या रिकाम्या चौकटीत लिहिलेलं कोणी वाचत नाही.